अठ्ठावन्न वर्षांचा छापखाना वाढवायचा आहे

प्रश्न : नौपाड्याचा मुद्रक

सर्वांना नमस्कार. शीर्षकातील 'वाढवायचा' हा शब्द मी माझ्या वडिलांच्या अर्थाने वापरला आहे. रात्री आठ वाजले की ते मशीनवर कापड टाकत आणि म्हणत, "चला, दुकान वाढवा." 'बंद करा' असे त्यांनी कधीही म्हटले नाही. आता ते दुकान कायमचे वाढवण्याची वेळ माझ्यावर आली आहे आणि गेले चार महिने मी हे काम रोज उद्यावर ढकलतो आहे.

ठाण्यात नौपाड्यातील एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर वडिलांनी १९६७ साली हा छापखाना सुरू केला. खिळ्यांवरून छापणारे एक जुने ट्रेडल मशीन, लाकडी घोड्यांवर मांडलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस आणि एक हाताने चालवायचे कटिंग मशीन एवढेच भांडवल होते. इंग्रजी खिळ्यांच्या मानाने देवनागरीच्या खिळ्यांचा पसारा फार मोठा असतो. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांची घरे जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणाऱ्याच्या, समोर आणि दोन्ही बाजूंना मांडावी लागतात, आणि चांगला जुळारी त्या घरांकडे न पाहता हात घालतो. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांचा हंगाम सुरू होई. श्रावणात गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके, मार्चमध्ये संस्थांचे अहवाल, आणि वर्षभर दुकानदारांची बिलबुके. १९९१ साली आम्ही लहान ऑफसेट, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारे मशीन, घेतले. त्यानंतर ट्रेडलवर केवळ नंबर टाकणे, परफोरेशन (पावती फाडण्यासाठी छिद्रांची रेष) मारणे आणि पत्रिकांना घडीची रेष पाडणे एवढीच कामे राहिली. २०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सर्वांना नवी बिलबुके लागली आणि दोन महिने आम्ही रात्रंदिवस छापत होतो. पुढे त्याच दुकानदारांनी संगणकावर बिले काढण्यास सुरुवात केली. २०२०च्या मार्चनंतर लग्नपत्रिका फोनवरील चित्र झाली, आणि ती सवय नंतर मोडली नाही.

आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मार्चअखेर गाळा रिकामा करून द्यायचा आहे. करारानुसार तीन वर्षांनी नव्या इमारतीत गाळा मिळेल, तोपर्यंत भाडे मिळेल. त्या वेळी मी बासष्ट वर्षांचा असेन. छापखाना त्या गाळ्यात परत जाणार नाही, हे मला पुरते ठाऊक आहे.

माझी अडचण पैशांची नाही. आमच्याकडे १९७९ पासून काम करणारे एक जुळारी आहेत. त्यांचे वय आता एकाहत्तर आहे. खिळे जुळवण्याचे काम गेल्या कित्येक वर्षांत आलेले नाही, तरी ते रोज सकाळी साडेनऊला येतात, केसेस पुसतात, पुस्तके बांधतात, नंबर टाकतात. त्यांना 'उद्यापासून येऊ नका' हे कसे सांगावे, हे मला सुचत नाही. दुसरी गोष्ट अशी की छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ असलेच पाहिजे, असा १८६७ पासूनचा कायदा होता, आणि वडील तो अत्यंत निष्ठेने पाळत. दहाव्याच्या कार्डावरसुद्धा खाली बारीक अक्षरांत आमच्या छापखान्याचे नाव असे. प्रत्येक कामाची एक प्रत ते फाइलला लावून ठेवत. अशा एकेचाळीस फाइली माझ्यासमोर आहेत. त्या उघडल्या की मी दुपारभर तिथेच बसून राहतो.

पत्नी म्हणते की माझी नजर शुद्धलेखनाच्या चुका टिपण्यात तयार झालेली आहे, तर घरी बसून मुद्रितशोधनाची कामे घ्यावीत आणि पुढे नव्या गाळ्यात लहानसे अक्षरजुळणी केंद्र काढावे. हा विचार मनात आला की मला खरोखर आनंद होतो, आणि आनंद झाला की लगेच अपराधी वाटते. शेवट स्वीकारणे म्हणजे माणसाने नेमके काय करायचे असते? ज्यांनी असे काही केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : नेरुळच्या निवृत्त शिक्षिका

आपले लेखन दोनदा वाचले. आपल्या वडिलांच्या त्या शब्दापासूनच सुरुवात करते. आपल्या भाषेत हातातली बांगडी फुटत नाही, वाढवली जाते. मंगळसूत्र तुटले तरी ते वाढवले असे म्हणतात. आणि नव्या कामाच्या पहिल्या दिवशी आपण नारळही वाढवतो. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये, एवढाच यामागील हेतू असेल. मुलांना हे मी पंचवीस वर्षे मोठ्या हौसेने शिकवले. परंतु २०१९ साली माझे यजमान गेले, तेव्हा भाषेतले हे शहाणपण माझ्या कणभरही उपयोगी पडले नाही, हे आपल्याला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्यांचा नेरुळ ते सीएसएमटी असा तीन महिन्यांचा पास होता. तो संपल्यानंतरही मी दीड वर्ष माझ्या पर्समध्ये ठेवला. त्यांचा फोन नंबर चालू राहावा म्हणून रिचार्ज करीत राहिले. लोक 'आता सावरा' म्हणत, आणि मी मनातून त्यांच्यावर रागावत असे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी रिचार्जची तारीख माझ्या लक्षातच आली नाही, आणि दोन दिवसांनी लक्षात आले तेव्हा मी रडले, पण रिचार्ज केला नाही. स्वीकार म्हणतात तो मला असा भेटला. मी त्यासाठी काही केले नव्हते. म्हणून आपण स्वतःवर घाई करू नये, एवढे पहिले सांगणे आहे. गाळा मार्चअखेर रिकामा करावा लागेल. मनाला ती मुदत लागू नाही.

आता आपल्या अपराधीपणाविषयी. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी मोडी लिपी शिकू लागले. आमच्या गावाकडील जमिनीचे काही जुने कागद घरात पडून होते, ते वाचावेत एवढीच इच्छा होती. शिकताना जे समजले ते आपल्या व्यवसायाशी थेट जोडलेले आहे. मोडी ही हात न उचलता भराभर लिहिण्याची लिपी. कित्येक शतके आपला दप्तरी कारभार तीत चालला. छपाई आली, मोडीचेही खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले, पण छापखान्यात रुळली ती सुटी सुटी, ठसठशीत बालबोध, म्हणजे आपली देवनागरी. छापलेले वाचण्याची सवय वाढत गेली तशी मोडी मागे पडत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती शाळांतूनही गेली. बोरू धरणाऱ्या कारकुनांच्या शेवटच्या पिढीला काय वाटले असेल? त्यांचा शेवट ज्याने जवळ आणला, तो आपलाच खिळा होता. आपल्या वडिलांचे हे काम आधीच्या कुणाच्या तरी संपलेल्या कामावर उभे होते, आणि त्यात त्यांचा काही अपराध नव्हता. मग संगणकावर अक्षरे जुळवणाऱ्या आपल्या हातांचा तरी कोणता अपराध?

त्या एकेचाळीस फाइलींविषयी मात्र माझे स्पष्ट मत आहे. गणपती विसर्जन करून परतताना आपण पाट रिकामा आणत नाही, काठची थोडी माती त्यावर घालून घरी आणतो. आपल्या पाटावरची माती म्हणजे त्या फाइली आहेत. १९६७ पासून ठाण्यात कोणाची लग्ने कोणत्या कार्यालयात झाली, मंडळांनी किती रुपयांची वर्गणी काढली, पत्रिकेतील नावांपुढची विशेषणे कशी बदलली, हे दुसरीकडे कुठे एकत्र सापडणार? आपल्या गावात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेथे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. त्यांना सर्व ठेवून घेता आल्या नाहीत, तर निवडक पानांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत. दुपारभर त्या फाइलींसमोर बसण्यात काही गैर नाही. फक्त बसताना जवळ वही ठेवा आणि सूची करा.

उत्तर : कळव्याहून

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात बावीस वर्षे फिटर होतो. माझा अनुभव ताईंपेक्षा वेगळा आहे, म्हणून लिहितो.

आमचा कारखाना एका सकाळी 'तात्पुरता बंद' झाला. फाटकावर तशी नोटीस लागली. ती नोटीस पावसाने गळून पडली, तरी आम्ही काही जण आठवड्यातून एकदा फाटकाशी जात राहिलो, कारण तात्पुरते म्हटले आहे तर उघडेल अशी आशा होती. त्या आशेने माझी चार वर्षे खाल्ली. चाळिसाव्या वर्षी दुसरे काम शिकता आले असते, ते मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलो. माझे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही, ही गोष्ट आपणांस ठाऊक असेल. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप होता, आणि तो अमुक दिवशी संपला असे म्हणता येईल असा दिवसच आला नाही. वडील १९९० पर्यंत 'संप चालू आहे' असे म्हणत. लहानपणी मला तो त्यांचा हट्ट वाटे. आता वाटते की ज्या गोष्टीला शेवटची तारीख मिळाली नाही, तिचा शोक कोणत्या दिवसापासून धरायचा, हेच त्यांना कळत नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की तारीख ठरवा, आणि ती जुळाऱ्यांना आधी सांगा, नंतर इतरांना. त्यांना हे शेजारच्या दुकानदाराकडून कळता कामा नये.

पैशांची अडचण नाही असे आपण म्हणता, तर त्यांचा हिशेब पूर्ण करा. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो, म्हणून तो आपल्याला बांधील नसावा. पण हिशेबाची रीत त्यातून घेता येते. महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पगार १८,००० रुपये असेल तर ४६ वर्षांचे सुमारे ४,७७,००० रुपये होतात. ही रक्कम उपकार म्हणून देऊ नका. कागदावर हिशेब मांडा, त्यांना वाचून दाखवा, आणि देणे म्हणून द्या. हिशेबाचा असा एक कागद माझ्या हातात कोणी ठेवला असता, तर फाटकाशी जाणे मी त्याच दिवशी थांबवले असते.

कागदपत्रांचेही लवकर उरका. जीएसटीची नोंदणी रद्द करण्यासाठी आरईजी-१६ हा अर्ज भरावा लागतो, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र द्यावे लागते. शिल्लक कागद आणि यंत्रांवर पूर्वी घेतलेल्या कर-सवलतीचा हिशेब त्यात येतो, म्हणून भंगारात काय आणि केव्हा गेले, याच्या पावत्या जपून ठेवा. नव्या गाळ्याचा करार नोंदणीकृत आहे ना, त्यात चटई क्षेत्रफळ आणि भाड्याचा कालावधी स्पष्ट लिहिला आहे ना, हे गाळा सोडण्याआधी वकिलाकडून पाहून घ्या.

उत्तर : उलव्याच्या पट्ट्यातून

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एक गोष्ट मांडल्यावाचून राहवत नाही. 'शेवट स्वीकारा' हे वाक्य पुष्कळदा ज्याचे काही गेलेले नसते, तो माणूस बोलतो.

नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांतील एका गावचा मी आहे. आमच्या समोरचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि जिथे आमची शेते आणि खाडीची वाट होती तिथे धावपट्टी झाली. त्याआधीच्या पिढीने १९७०च्या दशकात नव्या शहरासाठी जमिनी दिल्या होत्या. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४च्या जानेवारीत जासईच्या परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पाच जणांचा जीव गेला, आणि त्या लढ्यामुळे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला. त्या वेळी आमच्या आजोबांनी 'झाले ते झाले' म्हणून मान तुकवली असती, तर आज मी ज्या घरातून हे लिहितो आहे ते घर नसते.

म्हणून मला वाटते की दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो. घडून गेले आहे हे ओळखणे ही एक गोष्ट. ते योग्य होते असे म्हणणे ही दुसरी. माझी आई नव्या घरात रमली आहे, गच्चीत तिने शेवगा लावला आहे. गावदेवीची पालखी आता नव्या वसाहतीत फिरते आणि आई तिच्या पुढे चालते. तरीही जुन्या गावाचा विषय निघाला की ती म्हणते, "तो बरोबर झाला नाय." ही दोन्ही वाक्ये तिच्यात एकत्र नांदतात, आणि तिला त्याचा त्रास होताना मी पाहिलेला नाही.

आपल्यावर कोणी अन्याय केलेला नाही, काळ बदलला, हे मला समजते. परंतु अपराधी वाटते म्हणून नवे काम थांबवू नये, आणि नवे काम सुरू केले म्हणून छापखान्याचे दुःख संपलेच पाहिजे अशी अटही स्वतःला घालू नये. अक्षरजुळणी केंद्राच्या भिंतीवर वडिलांची पाटी लावायची असेल तर अवश्य लावा.

उत्तर : कोपरखैरण्याची एक विद्यार्थिनी

काका, मी अक्षररचना शिकते आहे. खिळे भंगारात जाणार असतील तर त्याआधी प्रत्येक आकाराच्या प्रत्येक अक्षराचा एक तरी ठसा पांढऱ्या कागदावर घेऊन ठेवाल का? देवनागरीची ही जुनी वळणे पाहण्यासाठी आम्हांला मूळ छाप फार क्वचित मिळतो. मशीन चालू असेल आणि आपली परवानगी असेल, तर शाई लावण्यापासून कागद वाळत घालण्यापर्यंत सर्व कामाला मी आणि माझी मैत्रीण येऊ.

प्रश्नकर्ता : नौपाड्याचा मुद्रक

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार.

कळव्याच्या बंधूंनी लिहिल्याप्रमाणे आधी तारीख ठरवली, २८ फेब्रुवारी. मग जुळाऱ्यांना समोर बसवून हिशेबाचा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "गाळा मोजायला माणसे आली त्याच दिवशी समजलो होतो. तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी येत होतो." म्हणजे त्यांना मी वाचवतो आहे असे मला वाटत होते, आणि ते मला सांभाळत होते. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

उलव्याच्या मित्रांच्या आईचे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवले. त्या रात्री मला चार महिन्यांत प्रथमच शांत झोप लागली. मुद्रितशोधनाचे पहिले काम घेतले आहे. एका संस्थेचा शतकोत्सवी अंक आहे, एकशे बारा पानांचा. ताईंनी सांगितलेली सूची नवव्या फाइलीपर्यंत झाली आहे. ग्रंथसंग्रहालयात पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

ठसे घेण्यासाठी त्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला शनिवारी बोलावले आहे. पण त्याआधी एक काम निघाले. वारंवार लागणारे काही मजकूर आम्ही सुतळीने बांधून, तसेच जुळवलेले ठेवले होते. एका पतसंस्थेची पावती, एका मंडळाचे वर्गणीचे पान, दोन-तीन शुभेच्छापत्रे. भंगारवाला वजनावर घेणार आणि वितळवणार, त्यामुळे ते बांधलेले दिले काय आणि सुटे दिले काय, किंमत तीच. जुळारी मात्र ऐकेनात. छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या घरात सोडल्याशिवाय त्यांनी शेहेचाळीस वर्षांत कधी दुकान वाढवले नव्हते. म्हणून सुतळ्या कापून आम्ही दोघे रोज सकाळी केसेससमोर बसतो. वडिलांनी मला सुरुवातीपासून मशीनवर घातले होते. घरे ओळखतो, पण माझा हात चुकतो. अर्धा 'ल' मी 'त'च्या शेजारी टाकला की ते न बोलता उचलून योग्य घरात ठेवतात. काल पतसंस्थेची पावती संपली. उद्या जोडाक्षरांच्या केसला सुरुवात करू.